पंडिता रमाबाईंचा वाँटेज-पत्रव्यवहार : श्रद्धा आणि स्वाधीन बुद्धी

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराविषयी मराठीत निवाडे पुष्कळ झाले. त्या मानाने विवेचन थोडे झाले. एका पक्षास त्यात स्वधर्मत्याग दिसला, दुसऱ्यास सत्याचा विजय. दोन्ही पक्षांनी २९ सप्टेंबर १८८३ हा बाप्तिस्म्याचा दिवस निर्णायक मानला आणि त्या दिवशी प्रश्न मिटला असे गृहीत धरले. वस्तुतः बाईंच्या मनातील अत्यंत कठीण प्रश्नांना त्या दिवसानंतरच तोंड फुटले. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाच्या सिस्टर जेराल्डीन, चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील आणि काही धर्माधिकारी यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार हा त्याचा लेखी पुरावा होय. तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला.

ह्या संग्रहाचा उपयोग करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. पत्रे जुळवून ठेवण्याचे काम मुळात जेराल्डीनबाईंनीच केले. म्हणजे वादातील एका पक्षाच्या हातून हे दप्तर आपल्यापर्यंत आले. त्यांनी मधूनमधून जोडलेल्या विवरणात रमाबाईंच्या शंकांना अहंकाराचे लक्षण मानण्याकडे कल आहे. तथापि पत्रे त्यांनी जपली, प्रतिकूल पत्रेही जपली, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणून संबोधीत. ह्या घरगुती संबोधनाखाली त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व आणि धर्मपीठाचा अधिकार यांवर खडाजंगी चालावी, हा ह्या पत्रांचा एक विलक्षण विशेष आहे. नात्यातला ओलावा आणि मतातला ताठरपणा एकाच पत्रात नांदतात. ज्यांनी केवळ मते वेचून घेतली त्यांच्या हातून नेमके हेच निसटले.

शंकांचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. एकेश्वरवादावर बाईंचा दृढ विश्वास होता. इंग्लंडला जाण्यापूर्वीच्या कलकत्त्यातील ब्राह्मसमाजाच्या सहवासाचा त्यामागे काही संस्कार असावा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांचे एकत्व त्यांच्या बुद्धीला पटेना. अथानेशियसच्या नावाने चालणाऱ्या श्रद्धासूत्रात, ते न मानणाऱ्याच्या नाशाची जी ग्वाही आहे, ती त्यांना विशेष खटकली. कोणत्याही ग्रंथातील मत स्वीकारण्यापूर्वी त्याचे प्रमाण मागावे, ही सवय त्यांना अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरातच लागली होती. कन्येला संस्कृत शिकवून तिच्याकडून पुराणे वदवून घेणाऱ्या त्या घरात वाद हे विद्येचे अंगच होते. तेव्हा वाँटेजच्या भगिनींना जो उद्धटपणा वाटला, तो पुष्कळ अंशी शास्त्रार्थाचा शिरस्ता होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

वादाचे मर्म १८८५ मधील पत्रांत आहे. जेराल्डीनबाईंचे म्हणणे असे की, चर्चचे सदस्यत्व घेतल्यावर व्यक्तीने आपला निर्णय चर्चच्या शिकवणुकीपुढे नम्र केला पाहिजे. रमाबाईंचे उत्तर असे की, देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याचा अधिकार आपल्याला नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान मोकळी करून घेतल्यावर तशाच दुसऱ्या जोखडाखाली ती घालण्यास आपण सिद्ध नाही. आपला बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या चर्चमध्ये झाला, कोणा एका पंथात नव्हे. येथे जी तार्किक अडचण उभी राहते ती जेराल्डीनबाईंना उलगडता आली नाही. प्रौढ माणसाच्या बाप्तिस्म्याला त्याची स्वतंत्र संमती लागते. संमतीवाचून तो विधी निरर्थक ठरतो. म्हणजे पूर्वजांचा धर्म सोडताना जी स्वतंत्र बुद्धी प्रकाशाचे चिन्ह म्हणून गौरविली जाते, तीच उंबरठा ओलांडल्याबरोबर गर्वाचे चिन्ह ठरते! ज्या इच्छाशक्तीच्या बळावर संप्रदाय आपला नवा अनुयायी मिळवतो, तिचीच त्याला पुढे भीती वाटते. संमती एकदा देऊन संपत नाही, ती प्रत्येक सिद्धांतापाशी पुन्हा द्यावी किंवा नाकारावी लागते, हा रमाबाईंचा पक्ष होता आणि तर्कदृष्ट्या तोच बळकट आहे.

तत्त्वाचा हा वाद क्षुल्लक वाटणाऱ्या व्यवहारांतही उतरला. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असा भगिनींचा आग्रह, तर ती संस्कृत असावीत असे रमाबाईंचे म्हणणे. लॅटिन ही आपल्या प्राचीन भाषेहून अधिक पवित्र कशी, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या शाकाहारावरही आक्षेप आला. त्यात जातीचा अभिमान उरला आहे असा आरोप झाला. या आरोपात तथ्यांश नव्हताच असे म्हणवत नाही, कारण आपल्या ब्राह्मण पूर्वजांविषयीचा अभिमान बाईंनी लपविला नव्हता. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा मुंबई व लाहोरच्या बिशपांचे मत प्रतिकूल पडले. असे केल्याने स्वदेशात त्यांचे वजन नष्ट होईल, ही त्यांची भीती. आपल्या वडिलांनी वा पतीने ज्यास कधी हरकत घेतली नाही, त्यास इंग्रज धर्माधिकारी हरकत घेतात, याचे रमाबाईंना आश्चर्य वाटले. संघटित धर्म हा श्रद्धेबरोबर एका समाजाचे शिष्टाचारही पदरात घालतो आणि दोहोंना एकच पावित्र्य चढवतो, हे येथे उघड होते. त्या मानाने बीलबाईंची दृष्टी अधिक उदार होती. रमाबाईंची जिज्ञासा तत्त्वज्ञानाची आहे, तिला आज्ञेने उत्तर देता येणार नाही, हे त्यांनी ओळखले.

पुढील काळातील रमाबाई मात्र वाचकाला पेचात टाकतात. १९०७ मधील आत्मनिवेदनात त्या सांगतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी मिळाला. विल्यम हॅस्लॅम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचून ही जाणीव तीव्र झाली असे त्या म्हणतात. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये जी धार्मिक जागृती उसळली तिचा सूरही शरणागतीचाच आहे. स्वतःच्या बुद्धीचा कैवार घेणारी स्त्री स्वतःच्या असमर्थतेची कबुली देते, हा पराभव समजावयाचा काय? बुद्धिवादी लेखकांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एक भेद विसरता कामा नये. १८८५ मध्ये बाईंनी नाकारली ती माणसांच्या मंडळापुढची शरणागती होती. पुढे त्यांनी पत्करली ती कोणाच्याही मध्यस्थीवाचूनची, ईश्वरापुढची. पहिल्या नकारावाचून दुसरी संभवली नसती. ‘धर्म’ आणि ‘ख्रिस्त’ यांत त्यांनी केलेली फोड हीच जेराल्डीनबाईंशी झालेल्या वादाची परिणती आहे.

याहून अवघड आक्षेप वेगळाच आहे आणि रमाबाईंचे चरित्रकार त्याजवळ फारसे थांबत नाहीत. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन दुसऱ्या वर्षी पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण सक्तीचे नव्हते. पण बाईंच्या खाजगी प्रार्थनेला मुलींना मज्जाव नव्हता. यावरून १८९३ मध्ये वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. रमाबाईंचे समर्थन असे की, दार उघडे ठेवणे म्हणजे ओढून नेणे नव्हे. तत्त्वतः ते खरे आहे. पण याच रमाबाईंनी इंग्लंडमध्ये, आपल्याला न पटलेले सिद्धांत आपल्या लहान मनोरमेला शिकवू नयेत असा आग्रह धरला होता. मुलाची इच्छा अजून घडावयाची असते, जवळच्या माणसाचे उदाहरण हेच तिच्यावर मोठे दडपण असते, हे त्या वेळी त्यांनी जाणले होते. निराधार विधवा बालिकेपुढे तिची आश्रयदात्री प्रार्थनेस बसली असता, त्या बालिकेचे येणे कितपत स्वाधीन म्हणावे? सल्लागारांच्या विरोधात रूढीचे भय होतेच. तरीही त्यांच्या प्रश्नाचा हा भाग रमाबाईंच्याच पूर्वीच्या भूमिकेतून निघतो. आपल्या विवेकासाठी जी सूक्ष्म दृष्टी त्यांनी वापरली, ती संस्थाचालक म्हणून तितक्या कसोशीने वापरली, असे दिसत नाही.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्या बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला. प्रचलित भाषांतर उपलब्ध असता नवे करण्याचे कारण असे की, त्यातील संस्कृतप्रचुर शब्द सामान्य स्त्रियांना दुर्बोध होते आणि त्यांना चिकटलेले हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ बाईंना नको होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची भाषा ओबडधोबड आहे, वाङ्मयीन गोडीच्या दृष्टीने ते मागेच पडते, आणि क्रुसावर संस्कृत अक्षरे मागणाऱ्या पंडितेने तीच भाषा कटाक्षाने टाळावी हे चमत्कारिक वाटते. पण प्रत्येक शब्दापाशी मिशनच्या पूर्वसंमत अर्थाला बाजूस सारून मूळ भाषेकडे जाणारी बुद्धी १८८५ च्या पत्रांतलीच आहे. ह्या भाषांतरातील शब्दयोजना त्या पत्रांशेजारी ठेवून तपासण्याचे काम मराठीच्या अभ्यासकांनी हाती घेण्यासारखे आहे.