‘लेख’ : कोरणे आणि खरवडणे

पाली ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे असा आहे. लिहिणे हा त्याचा पुढचा विस्तार होय. टिकणारी खूण मागे ठेवणाऱ्या या शब्दाकडे बौद्ध परंपरा दोन दृष्टींनी पाहते.

सम्राट अशोक आपल्या आज्ञांना ‘धंमलिपी’ म्हणतो. त्या चिरकाल टिकाव्यात म्हणून शिलास्तंभांवर व शिलाफलकांवर कोराव्यात, असे तो सातव्या स्तंभलेखात सांगतो. येथे दगडावरील लेख हा गौरवाचा विषय आहे. मराठीतील ‘काळ्या दगडावरची रेघ’ हा वाक्प्रचारही त्याच भावनेतला.

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातातील लेख सुत्तात मात्र हीच प्रतिमा दोषदर्शक ठरते. ज्याचा क्रोध वारंवार उद्भवतो व दीर्घकाळ टिकतो, तो पाषाणावरील रेघेसारखा. ज्याचा वारंवार उद्भवतो पण टिकत नाही, तो जमिनीवरील रेघेसारखा. आणि कठोर बोल ऐकूनही जो सलोखा सोडत नाही, तो पाण्यावरील रेघेसारखा.

‘झाले गेले विसरा’ असा उपदेश आम्हांस नेहमीच ऐकावा लागतो. त्याला या सुत्ताचा आधार घेता येईल काय? आमच्या मते मुळीच नाही. सुत्ताचा विषय कोप आहे. अन्यायाची नोंद नव्हे. अशोकाने तेराव्या शिलालेखात कलिंगयुद्धात एक लाख माणसे मारली गेली व दीड लाख देशोधडीस लागली, हे स्वतःचे कृत्य कोरून ठेवले. पुत्रपौत्रांनी नव्या विजयाची हाव धरू नये, हा त्यामागचा हेतू. धौली व जौगड येथे मात्र, म्हणजे प्रत्यक्ष कलिंगभूमीत, हा लेख आढळत नाही. ज्यांनी सोसले त्यांच्याच भूमीवर नोंद नसावी, ही उणीव अभ्यासकाने दृष्टीआड करू नये.

याच धातूपासून ‘सल्लेख’ हा शब्द झाला आहे. मज्झिम निकायाच्या सल्लेख सुत्तात भगवान बुद्ध चुंदाला चित्तमल खरवडून काढण्याचा मार्ग सांगतात. इतर लोक हिंसक झाले तरी आपण अहिंसक राहावे, येथपासून त्याचा आरंभ होतो. खरवडायचे ते आपल्या चित्तातील, इतिहासातील नव्हे.

म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर काय घडले, ते दगडावरच कोरलेले असावे. त्यातून उठणारा द्वेष तेवढा पाण्यावर लिहावा. या दोहोंची गल्लत करणारा उपदेश, मग तो कितीही मधुर असो, धम्माचा नव्हे.