‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. तो अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केलेला आहे. तेथील कृष्णवर्णीय दासांच्या मुक्तीसाठी त्यांनी सोसलेल्या निरपेक्ष झिजेविषयी आदर व्यक्त करून, आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा, अशी आशा जोतीरावांनी प्रकट केली आहे. या अर्पणपत्रिकेचा व्याख्यानांतून पुष्कळदा उल्लेख होतो, विचार मात्र क्वचित होतो. आमच्या मते ग्रंथाचे बळ आणि त्याची मर्यादा ही दोन्ही त्या मोजक्या ओळींत एकवटली आहेत.

जोतीरावांनी ज्या अमेरिकेला वंदन केले, ती त्या वर्षी कोणत्या अवस्थेत होती? १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने दास्य संपले होते; १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने मताधिकार दिला होता. कृष्णवर्णीय प्रतिनिधी विधिमंडळांत बसू लागले होते. परंतु १३ एप्रिल १८७३ रोजी, प्रभूच्या पुनरुत्थानाच्या रविवारी, लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स येथे न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने हल्ला केला व शरण आलेल्यांनाही ठार मारले. वाद निवडणुकीचा, म्हणजे मुक्त झालेल्या दासाच्या मताचा होता. ‘गुलामगिरी’ वाचकांच्या हाती पडली ती त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी. १८७६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या हत्याकांडातील आरोपींना दोषमुक्त ठरवले. चौदावी दुरुस्ती राज्यशासनाला बांधते, खाजगी व्यक्तीला नव्हे, असा अर्थ लावला. १८९६ साली रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेदही त्याच न्यायालयाने वैध मानला. कागदावर मिळालेले हक्क व्यवहारात उतरवणारे कायदे होण्यास १९६४ आणि १९६५ ही साले उजाडावी लागली.

मग अर्पणपत्रिका भाबडी ठरते काय? अमेरिकेपुरती ती आशावादी आहे खरी. पण ग्रंथाचा गाभा भाबडा नाही. इंग्रजी राज्यात शूद्रांचे कायिक दास्य सैल झाले, तरी विद्येवाचून मानसिक दास्य कायम राहिले, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय. कायदा सरकारचा, पण तो राबवणारा हात जुन्याच धन्याचा, हे जोतीरावांनी कचेऱ्यांतील ब्राह्मण कामगारांच्या उदाहरणांनी दाखवले. अमेरिकेतील मुक्तीचे घोडे नेमके येथेच अडले.

ग्रंथ धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून उलगडतो. धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीवर वाढलेल्या आम्हा कॅथलिकांना हा आकृतिबंध ओळखीचा वाटतो. आपल्या प्रश्नोत्तरीत मात्र उत्तर आधीच ठरलेले असते. धोंडिबा शंका काढतो, अडवतो, पुन्हा विचारतो. काही भागांत तो केवळ होकार भरतो, तेथे संवाद सैल पडतो. मत्स्य-वराहादी अवतारांना आर्यांच्या स्वाऱ्यांचे टप्पे ठरवताना केलेल्या शब्दांच्या फोडी आज इतिहास म्हणून स्वीकारता येणार नाहीत. चिरंजीव परशुरामास हजर होण्याचे आवाहन करणारे जाहीर पत्र मात्र मराठी उपहासाचा अस्सल नमुना होय.

या ग्रंथात जोतीरावांनी येशू ख्रिस्ताला दुसरा बळीराजा मानले आहे, आणि ब्राह्मणी वर्चस्वाचा कोट फोडल्याचे श्रेय अमेरिकन व स्कॉटिश उपदेशकांना दिले आहे. ख्रिस्ती वक्ते हा भाग अभिमानाने सांगतात. आम्हांस त्यात प्रशस्तीपेक्षा कसोटी अधिक दिसते. दिवाळीत आमच्या गावोगावच्या मायबहिणी ज्या बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळतात, आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण ज्याचे राज्य मागतो, ते जोतीरावांच्या लेखी एकच राज्य आहे. त्या राज्याची वाट ख्रिस्तसभेने किती मोकळी केली?

संत पौलाने दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात उरत नाही असे गलतीकरांस लिहिले. त्याच पौलाने ओनेसिमाला त्याचा धनी फिलेमोन याच्याकडे परत धाडले, ते बंधू म्हणून स्वीकारावे या विनंतीसह. पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. आदल्याच वर्षी मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ दास विकले होते. त्यांच्या वंशजांसमोर जाहीर क्षमायाचना झाली ती २०१७ साली. आपल्याकडे, बाप्तिस्म्याबरोबर जात सुटते असे आपण सांगत आलो; परंतु २०१६ साली भारतातील कॅथलिक बिशपांनी दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतही अस्पृश्यतेचा आचार शिल्लक असल्याचे मान्य केले. मुक्तीची घोषणा आणि मुक्तीचा व्यवहार यांतील अंतर अमेरिकेपुरते नाही.

हे अंतर कसे कापावे याचा एक धडा कोल्हापुरात सापडतो. आम्ही जेथून हे लिहीत आहोत त्या शिवाजी पेठेत राजर्षी शाहू महाराजांचे नाव घरोघरी आदराने घेतले जाते; त्यांना ‘गुलामगिरी’चे खरे वाचक म्हणावे लागेल. १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१८ साली महार वतने खालसा करून त्या जमिनी महारांच्या नावे रयतावा करून दिल्या. १९१९ साली शाळा, दवाखाने, पाणवठे यांवरील विटाळ हुकमाने बंद केला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे केले. याउलट अमेरिकेत १८६५ च्या जानेवारीत मुक्त दासांना देऊ केलेल्या जमिनी त्याच वर्षी जुन्या धन्यांना परत करण्याचे ठरले. जमीन, विद्या आणि कचेरीतील खुर्ची यांवाचून स्वातंत्र्य टिकत नाही, हे महाराजांनी जाणले होते.

म्हणून ‘गुलामगिरी’चे केवळ गुणगान करणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही, आणि तिच्यातील कच्च्या व्युत्पत्ती दाखवून ती बाजूस सारणाऱ्यांशी तर मुळीच नाही. आपल्या धर्मग्रामांतील वाचकमंडळांनी हा ग्रंथ अर्पणपत्रिकेपासून वाचावा, आणि सोबत पौलाचे फिलेमोनास पत्र ठेवावे. ते एका पानाचे आहे. ओनेसिम परत आल्यावर फिलेमोनाने काय केले, हे पत्रात सांगितलेले नाही. आपल्या धर्मग्रामात त्याचे उत्तर काय दिले जाते, याची चर्चा तेथून सुरू व्हावी.