दिव्याखाली अंधार

वर्तमानपत्र खोटे केव्हा बोलते हे ओळखणे फारसे अवघड नाही. ते गप्प केव्हा बसते हे ओळखणे मात्र अवघड. परक्या सरकारने कोठे लुडबूड केली की संपादकांच्या लेखणीला धार चढते. आपलेच सरकार दुसऱ्याच्या अंगणात शिरले, म्हणजे तीच लेखणी अदबीने खाली ठेवली जाते. नमुना म्हणून मी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ निवडतो. ते पत्र वाईट म्हणून नव्हे, चांगले म्हणून!

१९५२ साली ग्वाटेमालाचे लोकनियुक्त अध्यक्ष याकोबो आर्बेन्झ यांनी जमीनसुधारणेचा कायदा केला. ‘युनायटेड फ्रूट’ या अमेरिकन केळी-कंपनीची पडीक जमीन भूमिहीनांना वाटावयास काढली, आणि भरपाई देऊ केली ती कंपनीनेच करासाठी सांगितलेल्या किमतीच्या हिशेबाने! कूळकायद्याच्या कथा घरोघर ऐकलेल्या मराठी वाचकाला यातली मौज वेगळी सांगावयास नको.

अमेरिकेच्या सी. आय. ए. या हेरखात्याने बंडखोर उभे केले. ‘टाइम्स’चा वार्ताहर सिडनी ग्रुसन खात्याचे प्रमुख अॅलन डलेस यांना नकोसा झाला होता. तसा निरोप पत्राच्या चालकांकडे गेला, आणि मालक आर्थर हेज सल्झबर्गर यांनी ग्रुसनला मेक्सिको शहरातच थांबविले. जून १९५४ मध्ये आर्बेन्झ पदच्युत झाले. बातम्या आल्या, परंतु ज्याने डोळ्यांनी पाहून लिहावयाचे, तो तेथे नव्हता. पुढे १९६० ते १९९६ त्या देशात यादवी चालली; तीत सुमारे दोन लाख माणसे मेली वा नाहीशी झाली.

दुसरा प्रसंग क्यूबाचा. स्वारीच्या तयारीविषयी टॅड शुल्झ यांनी पाठविलेली बातमी ७ एप्रिल १९६१ रोजी छापली गेली खरी. पण चार स्तंभांचा मथळा एका स्तंभावर आला, सी. आय. ए.चे नाव गळाले, आणि स्वारी तोंडावर आल्याचा उल्लेखही गेला. १७ एप्रिलला सुमारे चौदाशे क्यूबन निर्वासित ‘बे ऑफ पिग्ज’च्या किनाऱ्यावर उतरले, तीन दिवसांत सारा खेळ आटोपला. त्याच महिन्यात अध्यक्ष केनेडी यांनी वृत्तपत्रचालकांना संयमाचा उपदेश केला. मागाहून मात्र ‘टाइम्स’चे संपादक टर्नर कॅटलेज यांच्याशी बोलताना त्यांनी कबूल केले, की तुम्ही अधिक छापले असते तर आम्ही एका घोडचुकीतून वाचलो असतो.

यावर कोणी म्हणेल, ‘सैनिकांच्या प्राणांचा प्रश्न होता.’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. उतरण्याचा दिवस आणि जागा झाकणे समजू शकते. परंतु हे कृत्य आपले सरकार करीत आहे, हेच झाकणे निराळे. तयारीची कुणकुण कॅस्ट्रोला होतीच. मायामीत तर ती उघड चर्चा होती. अंधारात राहिला तो अमेरिकेचा नागरिक, ज्याच्या नावाने आणि पैशाने हे चालले होते. संयम कोणाच्या सोयीचा, हा खरा प्रश्न आहे.

आणि हे दुखणे अमेरिकेपुरतेच समजू नये. १९८४ साली ‘इंडिया टुडे’ने श्रीलंकेतील तमिळ बंडखोरांच्या तामिळनाडूतील शिबिरांविषयी लिहिले, सरकार इन्कार करीत राहिले. अशी बातमी वाचून आपल्याला वार्ताहराचा राग येतो की अभिमान वाटतो, यावरच आपली पत्रे कशी निघणार हे पुष्कळसे ठरते.

म्हणून वाचकांना एकच सुचवितो. परदेशची बातमी वाचताना शाळेतले व्याकरण आठवावे. ‘सत्तांतर झाले’, ‘असंतोष भडकला’, ‘शस्त्रे पोचली’ अशी वाक्ये दिसली, की कर्ता कोठे गेला ते विचारावे. तो सापडत नसेल, तर बहुधा तो आपल्याच घरचा असतो.