कोऱ्या मतपत्रिकेचे बळ

पोर्तुगीज कादंबरीकार जुझे सारामागु यांच्या ‘सुज्ञतेविषयी निबंध’ (२००४) या कादंबरीचा विषय कोरी मतपत्रिका हा आहे. एका अनाम देशाच्या राजधानीत सत्तर टक्क्यांहून अधिक मतपत्रिका कोऱ्या निघतात. फेरमतदानात हे प्रमाण ८३ टक्क्यांवर जाते. गोंधळलेले सरकार राजधानीला वेढा घालते आणि स्वतःच तेथून काढता पाय घेते. नगरजन मात्र आपापले व्यवहार शांतपणे चालवितात. भेदरलेल्या सत्तेचे हे चित्र लेखकाने मोठ्या मार्मिक उपहासाने रंगविले आहे, यात शंका नाही.

तथापि कायद्याच्या अभ्यासकास येथे एक उणीव जाणवते. निषेधाचे बळ मतदारांच्या संख्येइतकेच मोजणीच्या नियमावर अवलंबून असते, आणि या बाजूला कादंबरीत दुय्यम स्थान आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निर्णयाने आपल्या मतदानयंत्रावर ‘नोटा’चे बटण आले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत इंदूर येथे काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, तेव्हा २,१८,६७४ मतदारांनी ते दाबले. विजयी उमेदवाराखालोखाल मते ‘नोटा’लाच पडली; निकालावर परिणाम शून्य. ‘नोटा’ पहिल्या क्रमांकावर असता, तरी उमेदवारांत ज्याला अधिक मते तोच निवडून येता.

फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीत दोन फेऱ्या असतात. २००२ साली पहिल्या फेरीत डाव्यांची मते अनेक उमेदवारांत विखुरली आणि समाजवादी जोस्पँ बाद झाले. दुसऱ्या फेरीत ल पेन नकोत म्हणून डाव्या मतदारांनीही शिराक यांना मत दिले. शिराक यांना ८२ टक्के मते मिळाली. नाराजी व्यक्त करणे आणि अनिष्ट टाळणे ही दोन कामे तेथे दोन वेगळ्या दिवशी करता येतात, अर्थात पहिल्या दिवशीची किंमत मोजून. आपल्या एकाच फेरीत मतदाराला त्यांतून एकच निवडावे लागते.

देवस्थानच्या महाजनांच्या सभेत असहमत गृहस्थ उठून कारण तरी सांगतो. सारामागुंचे नगरजन काहीच मागत नाहीत, आणि लेखकास त्यातच त्यांची सुज्ञता दिसते. आम्हांस हे अर्धेच पटते. ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घ्यावी, असा आदेश महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली स्थानिक संस्थांपुरता काढला. लोकसभेसाठी असा नियम हवा असेल, तर तो मतदारांना मोठ्याने मागावा लागेल. कादंबरी संग्राह्य आहेच. वाचकांनी ती हा प्रश्न मनाशी ठेवून वाचावी.