जुने घर, नवी पडवी

जुने घर कुटुंबाला अपुरे पडू लागले की सहसा दोनच वाटा सुचतात : ते पाडून नवे बांधावे, नाहीतर वाढीव भाग असा बेमालूम जोडावा की जुने कोठे संपले हे कळूच नये. वास्तुशिल्पज्ञ फ्रँक गेरी यांनी १९७८ साली, कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे, स्वतःच्या घरासाठी तिसरी वाट धरली. तिचे मोल जोखण्याचा हा अल्प प्रयत्न.

मूळ घर १९२० च्या सुमारास बांधलेला साधा दुमजली बंगला. गेरींनी तो पाडला नाही. त्याच्या तीन बाजूंनी पन्हळी पत्रा, प्लायवूड व तारेची जाळी यांची जणू पडवीच काढली. पत्र्याच्या वर जुना बंगला आजही डोकावतो. नवे स्वयंपाकघर या पडवीत आहे. त्याची जमीन डांबराची, वर कलंडलेला काचेचा घन, आणि आतली भिंत म्हणजे जुन्या घराची बाहेरची भिंत, खिडकीसकट! कालचे अंगण आज घरात आले आहे. आमच्या मते या वास्तूचे सारे मर्म येथेच आहे. नव्याने जुन्याचा मुखवटा चढवलेला नाही आणि जुन्यालाही तरुण दिसण्याची सक्ती केलेली नाही. स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही अटळ भर ही मूळ रचनेहून वेगळी ओळखू यावी, असेच सांगितले आहे.

तथापि दोन उणिवा नमूद करणे प्राप्त आहे. शेजारी संतापले, ते केवळ अरसिक होते म्हणून नव्हे. घराचा अंतर्भाग कुटुंबाचा असला तरी दर्शनी बाजू गल्लीचीही असते. दुसरे, आतला गिलावा ठिकठिकाणी काढून लाकडी सांगाडा उघडा केला आहे. जोडणे वेगळे आणि सोलणे वेगळे. येथे जुन्याचा मान राखण्यापेक्षा प्रयोगाची हौस वरचढ ठरली, असे आम्हांस वाटते.

पुढे मुले मोठी झाली, तेव्हा १९९० च्या दशकारंभी गेरींनी घरात पुन्हा फेरफार केले. मूळचा राकटपणा ओसरला, अशी खंत काही चाहत्यांनी व्यक्त केली. ती आम्हांस पटत नाही. राहते घर माणसांबरोबर बदलणारच. अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ संस्थेने २०१२ साली या घराला पंचविशी पुरस्कार दिला. डिसेंबर २०२५ मध्ये गेरी निवर्तले.

वडिलोपार्जित घर वाढवू पाहणाऱ्याने त्यांचा पत्रा उचलू नये. पहार उचलण्यापूर्वी, ही भिंत अजून कोणत्या कामी येईल, एवढा प्रश्न मात्र त्यांच्याकडून अवश्य घ्यावा.