गर्जनेअखेरची शांती

लहानपणी वीज कडाडली की आम्ही क्रुसाची खूण करून आजीच्या पदराआड दडत असू. देव रागावला, असेच तेव्हा वाटे. प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला मिस्सेत गायिले जाणारे २९ वे स्तोत्र वाचताना ते भय आठवते.

अवघ्या ११ वचनांच्या या हिब्रू काव्यात परमेश्वराचे रूप कोठेही रेखाटलेले नाही. ऐकू येते ती त्याची वाणी. वाणी या अर्थाचा 'कोल' हा शब्द येथे ७ वेळा येतो. जलराशीवर उठलेले वादळ लेबानोनचे गंधसरू मोडते, हर्मोन पर्वत हादरविते आणि कादेशच्या रानापर्यंत पोहोचते. एकच शब्द मेघगर्जनेसारखा पुनःपुन्हा आदळतो. भाषांतरकाराने वैचित्र्यासाठी तो बदलला, तर गर्जनाच हरपते.

मग मंदिरात सारे 'काबोद' म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी वजनाचा अर्थ आहे. आपला 'गौरव'ही 'गुरु' म्हणजे जड या शब्दापासूनच झाला आहे. तेव्हा देवाचा गौरव करणे म्हणजे आपल्या जीवनात त्याच्या शब्दाला वजन देणे होय.

मूळ हिब्रूत या स्तोत्राचा अखेरचा शब्द 'शालोम', अर्थात शांती, हा आहे. गंधसरू मोडणारा प्रभूच आपल्या प्रजेला बळ आणि शांती देतो. केवळ गर्जना ऐकून आम्ही पदराआड दडलो. कवी मात्र स्तोत्र शेवटपर्यंत ऐकावयास सांगतो.