ब्रेबफ, झां द

(२५ मार्च १५९३–१६ मार्च १६४९). फ्रेंच जेझुइट मिशनरी आणि ह्यूरन समाजाविषयीच्या वृत्तांतांचा लेखक. जन्म नॉर्मंडीत. १६१७ मध्ये त्याने जेझुइट संघात प्रवेश केला. १६२५ मध्ये तो क्वेबेकला व पुढील वर्षी ह्यूरन (स्वतःचे नाव वेंडॅट) लोकांच्या प्रदेशात, म्हणजे आजच्या ऑन्टॅरिओत, गेला. इंग्रजांनी क्वेबेक घेतल्याने १६२९ मध्ये त्याला परतावे लागले. १६३४ मध्ये तो तेथे पुन्हा आला. इरोक्वॉयांनी १६४९ मध्ये ह्यूरनांच्या वस्त्यांवर हल्ला केला, तेव्हा गाब्रिएल लालमां या सहकाऱ्यासह तो पकडला गेला व छळ होऊन मारला गेला.

या मृत्यूचे रागनो व रन्यो यांनी केलेले वर्णन पुढे इतके प्रसृत झाले, की ब्रेबफचे स्वतःचे लेखन झाकोळले. ते वर्णन मुख्यतः निसटून आलेल्या ह्यूरनांच्या सांगण्यावर आधारलेले असून त्यावर संतचरित्राची छाप आहे. ब्रेबफचे १६३५ व १६३६ चे वृत्तांत मात्र प्रत्यक्ष पाहणीतून उतरले आहेत. १६३६ च्या वृत्तांतातील मृतांच्या सामुदायिक अस्थिविसर्जनाचे वर्णन त्यांत सर्वोत्कृष्ट होय. वृद्ध पित्याचे केस विंचरणारी, त्याची हाडे एकेक करून मायेने हाताळणारी आणि आपल्या मृत बालकांच्या हातांत मण्यांची कांकणे घालणारी स्त्री त्याने जशी पाहिली तशीच रेखाटली आहे. येथे प्रचारक क्षणभर मागे सरतो; ख्रिस्ती वाचकांनाही ही ममता अनुकरणीय वाटावी, असे त्याला वाटते. ओसोसाने येथील तो खड्डा १९४७-४८ मध्ये उत्खनित झाला आणि त्यातील अवशेष १९९९ मध्ये वेंडॅट वंशजांनी पुन्हा पुरले.

परंतु साथींच्या प्रसंगी त्याची दृष्टी अपुरी पडते. युरोपीयांबरोबर आलेल्या रोगांनी १६३४ ते १६४० या काळात ह्यूरनांची सुमारे निम्मी लोकसंख्या नष्ट केली. मिशनरी मरणासन्नांना बाप्तिस्मा देत. साहजिकच बाप्तिस्म्यानेच मृत्यू येतो, अशी शंका लोकांत बळावली. ब्रेबफला तिच्यात अज्ञान दिसले. आगंतुकांशी या मृत्यूंचा संबंध जोडण्यात मात्र ह्यूरन चुकले नव्हते.

१६३० मध्ये त्याला संतपद मिळाल्याचे काही ठिकाणी आढळते, ते चूक आहे. पोप अकरावा पायस याने ते १९३० मध्ये दिले. ह्यूरन भाषेतील एक नाताळगीत परंपरेने त्याच्या नावावर आहे. त्याचे प्रचलित इंग्रजी शब्द मात्र १९२६ मधील मिडल्टनचे असून ते मूळ गीताचे भाषांतर नव्हेत.